रतीब आणि चिठ्ठी

दुधाचा रतीब ही मोठी सोयीची गोष्ट. एकदा लावला की त्याचा पुन्हा विचार करावा लागत नाही. रोज सकाळी ठरलेले दूध दाराशी येते आणि महिनाअखेर हिशेब होतो. पाहुणे यायचे असले म्हणजे आदल्या संध्याकाळी पिशवीत चिठ्ठी ठेवायची : ‘उद्या दोन लिटर द्यावे.’ व्यवहार इतका साधा की त्यात काही गुंता असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु थोडे खोलात शिरले म्हणजे तीन प्रश्न उभे राहतात. ही चिठ्ठी उद्यापुरती, की उद्यापासून? चिठ्ठीत ‘म्हशीचे द्यावे’ एवढेच लिहिले असेल आणि मापाचा उल्लेखच नसेल, तर माप कोणते धरायचे? आणि तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक : रतीब आपण लावलेलाच नसेल, आपल्याआधी त्या घरात राहून गेलेल्या भाडेकरूने लावलेला असेल, तर?

घरात या प्रश्नांची उत्तरे दूधवाला आपल्या शहाणपणाने देतो. तो दार ठोठावून विचारतो, किंवा घरात किती माणसे दिसतात याचा अंदाज घेतो. संगणकाजवळ असले शहाणपण नसते. त्याच्यासाठी ही उत्तरे कोणीतरी आधीच लिहून ठेवावी लागतात, आणि ज्याने लिहिली त्याच्या मनात काय होते हे वापरणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

शास्त्रीय कामासाठी ज्या आज्ञावल्या वापरतात, त्यांपैकी पुष्कळ आजही पडद्यावरच्या चित्रांना टिचक्या मारून नव्हे, तर अक्षरे टंकून चालवल्या जातात. एक ओळ लिहायची. आरंभी कामाचे नाव, पुढे ते काम कशावर आणि कसे करायचे याचे पर्याय. तिला कमांड लाइन म्हणतात. ही झाली आपली चिठ्ठी. दुसरीकडे, मागे केव्हातरी ठरवलेल्या कित्येक गोष्टी त्याच आज्ञावलीने एखाद्या फायलीत जतन करून ठेवलेल्या असतात. हा झाला रतीब. सर्वसाधारण नियम असा की, सर्वांत खाली आज्ञावलीची मूळची, जणू कारखान्यातून आलेली मापे. त्यांच्यावर जतन केलेली पसंती. आणि सर्वांच्या वर त्या क्षणी टंकलेली ओळ. जे जवळचे ते बलवान. नियम ऐकायला सोपा आहे आणि न्याय्यही आहे. मेख एवढीच की, ओळ ज्या गोष्टीविषयी बोलते तेवढ्यावरच तिची सत्ता चालते. ज्याविषयी ती मुकी राहते तेथे रतीब चालू असतो, आणि तो चालू आहे हे सहसा कोणी सांगत नाही.

हे सारे आम्हांस कोणा पुस्तकाने शिकवले नाही. गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा या गावी, एका बोडीच्या निमित्ताने, ते आमच्या ध्यानी आले.

चोरखमारा हे तिरोडा तालुक्यातले, नागझिऱ्याच्या जंगलाला खेटून असलेले गाव. नागझिरा अभयारण्यात शिरण्याचे एक प्रवेशद्वार येथे आहे. १९७० साली हे अभयारण्य झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात त्याचा समावेश झाला. पर्यटक येतात ते वाघ पाहायला, आणि वाटेतल्या मोठ्या तलावापाशी घटकाभर थांबतात. आमच्यासारख्या वसईकडच्या माणसाला मात्र या मुलखाचे खरे नवल वाटले ते त्याच्या लहान पाण्यांचे. १९९९ साली वेगळे होईपर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि या साऱ्या पट्ट्याची ओळखच तलावांची आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधण्याची विद्या जपली. धान पिकवायचा तर पाणी अडवणे भाग होते. मालगुजारांच्या काळातील ते तलाव आता सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी’ म्हणून नोंदलेले आहेत आणि आद्याक्षरे जुळवून त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. (आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मंडळींना, ‘मामा’ हे आमचे घरातले नाव आणि तलावाचे सरकारी नाव एकच निघाल्याची फार गंमत वाटली.) तलावाहून लहान ती बोडी. शेताच्या उंच अंगाला मातीचा बांध घालून अडवलेले, एखाद्या कुटुंबाचे किंवा दोन-चार भावकीचे पाणी. परतीच्या पावसाने दगा दिला की ओंबीवर आलेल्या धानाला अखेरचा आधार या बोडीचाच.

आमची भाची भूगोलाची पदवीधर. विदर्भात काम करणाऱ्या एका संस्थेत ती नोकरीस होती आणि त्या हिवाळ्यात आम्ही काही आठवडे तिच्यासोबत राहिलो. परिसरातील कोणत्या बोड्यांतला गाळ आधी काढावा याची यादी करण्याचे काम त्या संस्थेकडे होते. निधी थोडा, बोड्या पुष्कळ. तेव्हा प्रत्येक बोडीचे पाण्याखालचे क्षेत्र मोजावे, आणि ठरावीक क्षेत्राहून मोठ्या बोड्या पहिल्या टप्प्यात घ्याव्यात असे ठरले. प्रत्येक बांधावर फीत घेऊन जाणे शक्य नव्हते. म्हणून युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांनी टिपलेली चित्रे घेतली. २०१५ पासून ही चित्रे कोणासही विनामूल्य मिळतात. त्यांतला एक चौकोन म्हणजे जमिनीवरील दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद तुकडा. असे शंभर चौकोन म्हणजे एक हेक्टर. पाण्याचे चौकोन ओळखायचे, कोणते कोणत्या बोडीचे ते क्रमांक घालून लिहायचे, आणि मोजायचे.

मोजणी ‘ग्रास’ नावाच्या आज्ञावलीत झाली. नावाचा अर्थ गवत असला तरी तिचा जन्म लष्करी आहे. अमेरिकन सैन्याच्या बांधकामविषयक संशोधन प्रयोगशाळेत १९८२ पासून ती तयार होत गेली, आणि पुढे सर्वांना खुली झाली. आज जगभरातील अभ्यासक तिची निगा राखतात आणि ती फुकट वापरता येते. संस्थेच्या कार्यालयात तिच्यासाठी एकच सामायिक संगणक होता. तक्ते छापण्याची आज्ञा कोणीतरी पूर्वीच एका फायलीत लिहून ठेवली होती. नकाशाचे नाव तेवढे बदलायचे.

यादी तयार झाली आणि गावात वाचून दाखवण्यात आली. वाचन संपल्यावर एक वयस्क शेतकरी उठले आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, माझी बोडी कुठं गेली जी?”

त्यांची बोडी यादीत लहान म्हणून खाली नव्हती, ती नव्हतीच. त्या वर्षीही तिच्यात पाणी होते, आम्ही स्वतः पाहिले होते. उलट त्यांच्या शेजाऱ्याची, तेवढीच किंवा कणभर लहान असलेली बोडी, एक हेक्टर म्हणून पहिल्या टप्प्यात बसली होती. मग कुजबुज व्हायची ती झालीच. शेजारी कोणाचा नातलग, संस्थेत कोणाची ओळख, असल्या गोष्टी गावात बोलल्या जायला वेळ लागत नाही. आमच्या भाचीचा चेहरा उतरला. वशिल्याचा आरोप तोंडावर कोणी केला नव्हता, पण तो हवेत होता, आणि तिच्याजवळ उत्तर नव्हते.

रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली ती यादी पुन्हा चाळीत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मामा, हे आकडे बघा तुम्ही. सगळे पूर्ण आहेत.” खरेच होते. एक हेक्टर, दोन हेक्टर, एक, एक, तीन. टिंबापुढे नुसती शून्ये. कार्यालयात हे आकडे पाहून उलट सर्वांना बरे वाटले होते, कारण तक्ता नीटस दिसत होता. पण माणसाने उताराप्रमाणे, भावकीच्या वाट्याप्रमाणे, हाताला लागेल तशा बांधलेल्या बोड्या बरोबर पूर्ण हेक्टरात कशा बसतील?

उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. ग्रासमध्ये ‘रीजन’ नावाची एक मांडणी असते. आपण कोणत्या चतुःसीमांच्या आत काम करीत आहोत आणि जमिनीचा किती मोठा तुकडा म्हणजे एक चौकोन धरायचा, हे तीत ठरते. ही मांडणी फायलीत जतन होते. संगणक बंद केला, महिन्यांनी उघडला, तरी ती तशीच राहते. आणि कोणताही चौकोनी नकाशा मोजायला घेतला की तो स्वतः कितीही बारीक असो, मोजला जातो तो जतन केलेल्या चौकोनाच्या मापाने. काही महिन्यांपूर्वी, तोवर नोकरी सोडून गेलेल्या कोणा सहकाऱ्याने त्याच संगणकावर सबंध जिल्ह्याच्या जंगलाचा ढोबळ नकाशा केला होता. त्यासाठी त्याने चौकोन शंभर मीटरांचा धरला. त्याच्या कामाला ते माप अगदी योग्य होते. तो गेला, त्याचा रतीब मागे राहिला. आमच्या भाचीने आज्ञेच्या ओळीत नकाशाचे नाव बिनचूक लिहिले होते. चौकोनाच्या मापाबद्दल ती ओळ काही बोलत नव्हती. म्हशीचे द्यावे म्हटले, माप जुन्या भाडेकरूचे पडले.

शंभर मीटरांचा चौकोन म्हणजे एक संपूर्ण हेक्टर. असा चौकोन टाकला की आज्ञावली त्याच्या मध्यबिंदूखाली काय आहे एवढेच पाहते. मध्यबिंदू पाण्यावर पडला तर सारा हेक्टर पाण्याचा. बांधावर किंवा धुऱ्यावर पडला तर पाणी नाहीच. म्हणजे अर्ध्या हेक्टराच्या बोडीला दोनच गती. एक तर ती दुप्पट होणार, नाही तर पुसली जाणार. कोणाचे काय व्हावे हे सर्वस्वी जाळीच्या रेघा कोठे पडल्या यावर. गंमत अशी की यात बेरीज फारशी बिघडत नाही. निम्म्या बोड्या दुप्पट होतात, निम्म्या नाहीशा होतात, आणि एकूण पाणी जवळजवळ खरेच येते. मोठ्या तलावाचा आकडा तर हललासुद्धा नव्हता. जिल्ह्याच्या कचेरीत बसून बेरीज तपासणाऱ्याला या यादीत काहीच खोटे दिसले नसते. खोटे दिसायला बोडीचा मालकच हवा होता.

आम्हांस सर्वांत खटकली ती गोष्ट पुढेच आहे. क्षेत्रफळाचा तक्ता छापणारी ग्रासची आज्ञा इतकी काही बेजबाबदार नाही. प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर ती स्वतःहून एक मथळा छापते : चारी सीमा, चौकोनाचे माप, कोणता भाग झाकलेला आहे काय, हे सगळे त्यात असते. ‘१००’ हा आकडा तेथे पहिल्या दिवसापासून दिसायला हवा होता. पण त्या तयार फायलीतल्या ओळीत एक अक्षर जास्त होते. आज्ञेला ‘एच’ हा पर्याय जोडला की मथळा गाळला जातो. तक्ता सुबक दिसावा म्हणून कोणीतरी तो जोडून ठेवला होता. जतन केलेल्या मापाने घोटाळा केला, आणि टंकलेल्या पर्यायाने तो झाकला. ही दोन कामे दोन निरनिराळ्या माणसांची, निरनिराळ्या वर्षी केलेली, आणि दोघांचाही हेतू चांगला.

आमची भाची पुण्यात शिकत असताना तिची एक मैत्रीण रेडिओ-खगोलशास्त्राकडे वळली होती. तिला फोनवर ही हकिकत सांगितली तेव्हा ती हसली आणि म्हणाली की हे दुखणे आमच्या घरी फार जुने आहे. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय दुर्बीण वाचकांपैकी पुष्कळांनी सहलीत पाहिली असेल. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या तेथे आभाळाकडे कान लावून असतात. त्या थाळ्यांनी ऐकलेल्याचे चित्र करण्यासाठी अभ्यासकांच्या पिढ्यांनी ‘एआयपीएस’ नावाची अमेरिकन आज्ञावली वापरली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिची सुरुवात झाली. तिच्यात मापांची नावे सर्व कामांना सामायिक असतात. एका कामासाठी ‘अमुक वाहिनीपासून तमुक वाहिनीपर्यंत’ असे सांगितले की पुढच्या कामालाही तेच लागू होते, आपण ते विसरलो असलो तरी. म्हणून नवशिक्याला तेथे पहिला धडा असा देतात की, ‘चालू कर’ म्हणण्याआधी सर्व मापे पडद्यावर मागवून वाच. तिच्या पाठोपाठ आलेल्या ‘कासा’ने आपल्या आधीच्या आवृत्त्यांत निराळाच मार्ग धरला. कोरी चिठ्ठी दिली तर रतीब चालेल. पण चिठ्ठीत एक शब्द जरी लिहिला तर रतीब सर्वच्या सर्व बाजूला, आणि न लिहिलेली मापे कारखान्याची. दोन्ही पद्धतींना तर्क आहे. एकीची सवय झालेला माणूस दुसरीकडे गेला म्हणजे मात्र ठेच लागायचीच.

या सर्वांत आम्हांस ‘आयरॅफ’ची रीत अधिक माणसाळलेली वाटली. ही अ‍ॅरिझोनातील किट पीक वेधशाळेच्या मंडळींनी १९८० च्या दशकात घडवलेली आज्ञावली. तिच्यात मापांचे दोन वर्ग आहेत. काही मापे ती प्रत्येक वेळी विचारते. त्यांचे जे उत्तर द्याल ते ती लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी तेच सुचवते. इतर मापे ती विचारीत नाही. ती ओळीत लिहून दिली तर तेवढ्या वेळेपुरती मानते आणि विसरून जाते. विचारल्यावर दिलेले उत्तर म्हणजे रतीब, ओघात सांगितलेले ते उद्यापुरते. एखादी जुनी जाणती स्वयंपाकीण असेच करील. आणि सारे विसरायला लावायचे तर तेथे ‘अनलर्न’ नावाची आज्ञाही आहे. शिकलेले विसर, एवढाच तिचा अर्थ. तरीही कोणते माप कोणत्या वर्गातले हे वापरणाऱ्याला माहीत असावेच लागते, हा दोष तिच्यातही उरतो.

मैत्रिणीने दुसरा एक उपाय सांगितला, तो अधिक सरळ. संख्याशास्त्रात वापरतात ती ‘आर’ भाषा बंद करताना विचारते, आजचे सगळे जतन करू काय? ‘हो’ म्हटले की पुढच्या वेळी त्याच जागी ती उघडताच कालचे आकडे मुकाट्याने परत येऊन बसतात. हे टाळायचे तर ती सुरू करतानाच ओळीत ‘व्हॅनिला’ असा पर्याय द्यायचा. साध्या, काही न मिसळलेल्या आइस्क्रीमवरून हे नाव आले आहे. मग ती जुने काही वाचत नाही आणि जाताना काही ठेवीतही नाही. ग्रासमध्येही याच्या जवळचे साधन आहे. सुरू करतानाच तात्पुरते घर मागायचे. त्या घराची मांडणी मागच्या कोणा भाडेकरूची नसते, आणि काम संपताच ते घर मोडले जाते.

आमच्या भाचीने तसेच केले. तात्पुरते घर घेतले, पहिल्याच ओळीत चौकोन नकाशाप्रमाणे दहा मीटरांचा करवून तो छापून घेतला, ‘एच’ खोडला, आणि तक्ते पुन्हा काढले. या वेळी आकडे वेडेवाकडे आले, टिंबापुढे खरे अंक असलेले. त्या वयस्क शेतकऱ्यांची बोडी चाळिसाच्या आसपास चौकोनांची निघाली. शेजाऱ्याची जवळपास तेवढीच. ठरलेली मर्यादा अर्ध्या हेक्टराची होती. म्हणजे आता दोघेही पहिल्या टप्प्याबाहेर!

दुसऱ्या वाचनाला जाताना तिने मथळ्यासकट तक्ता नेला. ज्यांची बोडी परत सापडली होती त्यांना पहिल्या टप्प्यात जागा मिळाली नाही, याचे त्यांना फारसे वाईट वाटलेले दिसले नाही. “कागदावर आली ना,” एवढे म्हणून ते बसले. ज्यांचा हेक्टर निम्म्यावर आला ते शेजारी मात्र भांडले, आणि त्यांचे भांडण रास्त होते. पहिला आकडाही यंत्रानेच दिला होता, दुसराही यंत्रानेच. मग दुसरा खरा कशावरून? भाचीने मथळ्यातले ‘१०’ दाखवले, पूर्वीच्या कागदावर ती जागाच नव्हती हे दाखवले, आणि पटत नसेल तर उद्या सकाळी फीत घेऊन बांधावर जाऊ म्हणाली. गेले. आम्हीही एक टोक धरले होते. फितीचा आकडा नव्या तक्त्याच्या जवळ आला. तंतोतंत आला नाही, कारण मधल्या दिवसांत काठाचे पाणी आटले होते. संस्थेने पुढे मर्यादा थोडी खाली आणली आणि काही लहान बोड्या आत घेतल्या. त्यांत हे दोघे होते.

मे महिन्यात ती सुटीसाठी वसईला आली तेव्हा आमच्या वाडीतली बावखले मोजण्याची तिला हौस आली. चोरखमाऱ्याच्या बोडीचे हे आमच्याकडले भावंड. पूर्वी राहाटाचे पाणी बागायतीला पुरवणारे. बुजवायला मातीचे चार-सहा ट्रक पुरतात, आणि पुष्कळ बावखले तशी बुजली आहेत. नगररचनेच्या नकाशात तरी ती आधी दिसायला हवीत, असे तिचे म्हणणे. तिने तात्पुरते घर घेतले, दहा मीटरांचा चौकोन लावला, मथळा छापला. आमच्या घरामागचे बावखल तीन चौकोनांचे असायला हवे होते. दोनच आले, तिसऱ्यावर जांभळीची फांदी होती. मग तिने कपाटातून फीत काढली.